मित्राच्या गांवीं

मे महिना उजाडला कीं पांढरपेशा घरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: यंदा कोठें जावयाचें? नोकरदार चिरंजीव रजेचा हिशेब मांडून बसतात, सूनबाई नातवंडांच्या परीक्षा केव्हां संपतात तें पाहतात, आणि कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी केरळ, कोणी काशी. जीं माणसें हवापालटास जात नाहींत तीं निदान लग्नमुंजींस जातात. या सर्व बेतांत एक गांव मात्र बहुधा कधींच येत नाहीं, आणि तें म्हणजे जुन्या मित्राचें गांव. तेथें आपलें कांहीं काम असलें, अथवा पुढें एखादें तीर्थक्षेत्र असलें, तर आपण जातां जातां मित्राकडे डोकावतों. पण केवळ त्याला भेटण्यासाठीं तिकीट काढून निघावें हा प्रकार आपल्याकडे थोडासा वेडेपणाचाच समजला जातो.

गेल्या मे महिन्यांत आम्हीं हा वेडेपणा केला. सेवानिवृत्त झाल्यापासून घरींच आम्ही कांहीं मुलांस संस्कृत शिकवितों. तो वर्ग मे महिन्यांत बंद असतो. त्या सुट्टींतले अकरा दिवस काढून आम्ही उभयतां तीन गांवीं तीन मित्रांकडे जाऊन आलों. निघण्यापूर्वीं चिरंजीवांनीं विचारलें, “बाबा, तिकडे काय काम निघालें?” काम कांहीं नाहीं असें सांगतांच, “मग फोन करा ना!” असें त्यांचें उत्तर. त्यांत त्यांचा दोष नाहीं. ज्या पिढीच्या खिशांतच सर्व मित्र असतात, तिला मित्राच्या गांवीं जाण्याचें प्रयोजन कळावें कसें?

आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर. दाखला द्यावयाचा तर तो जुन्या ग्रंथांतलाच सुचणार. शाळासोबत्याकडे पुन्हां जाण्याच्या दोन कथा आपल्या वाङ्मयांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याजोग्या आहेत. महाभारताच्या आदिपर्वांत द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमांत एकत्र खेळले, एकत्र शिकले. पुढें द्रुपद पांचालांचा राजा झाला. द्रोणाच्या घरीं मात्र असें दारिद्र्य आलें कीं त्याच्या मुलास इतर पोरांनीं दूध म्हणून पिठाचें पाणी पाजलें. तेव्हां द्रोण राजाकडे गेला व त्यानें त्याला ‘सखा’ म्हणून हांक मारली. मैत्री बरोबरीच्यांत होत असते असें सुनावून राजानें त्याला वाटेस लावलें. तेवढ्या एका भेटींतून द्रुपदाचें बंधन, त्याच्या अर्ध्या राज्याचा अपहार, धृष्टद्युम्नाचा जन्म आणि शेवटीं कुरुक्षेत्रावर द्रोणाचा वध, इतकी परंपरा निघाली.

दुसरी कथा भागवताच्या दशम स्कंधांतली. तिला आपण सुदाम्याची कथा म्हणतों. मुळांत त्या ब्राह्मणाचें नांवहि नाहीं, कृष्णाचा कोणी एक सखा एवढेंच म्हटलें आहे. बायकोच्या आग्रहावरून, ब्राह्मणांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यांत बांधून तो द्वारकेस गेला. मागण्यासाठीं पाठविलेला हा मनुष्य मागावयाचें विसरला. दोघे मित्र बोलत बसले तें सांदीपनींच्या घरच्या दिवसांविषयीं: लाकडें आणावयास रानांत गेलों असतां वादळपाऊस कसा झाला, एकमेकांचे हात धरून रात्र कशी काढली, सकाळीं गुरुजी शोधीत कसे आले. एक रात्र राहून ब्राह्मण परत निघाला. पुढें त्याला वैभव मिळालें तें कीर्तनकार फार रंगवून सांगतात. आम्हांस मात्र त्या वाड्यापेक्षां परतीची वाट मोठी वाटते. हातांत कांहीं पडलेलें नाहीं, आणि माणूस आनंदांत घरीं चालला आहे. द्रोणाची भेट फसली, ती द्रुपदाच्या उन्मत्तपणामुळें हें खरेंच. पण तिच्या पाठीशीं गरज उभी होती हेंहि तितकेंच खरें. जेथें काम असतें तेथें मित्र आधीं कामाकडे पाहतो आणि मग आपल्याकडे.

असो. आमच्या प्रवासाकडे वळूं. आम्ही पांच जण वाईच्या शाळेंत एका बांकावर नसलों तरी एका रांगेंत बसत असूं, आणि १९७४ सालीं शालान्त परीक्षा होऊन पांच दिशांस गेलों. पैकीं एक वाईसच राहिले. ढोल्या गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचें पूजासाहित्याचें लहानसें दुकान आहे; कापूर, उदबत्ती, जानवीं, पंचांगें. दुकानदारास मे महिन्याची सुट्टी नसते, उलट तो लग्नसराईचा हंगाम. पण आम्ही येणार असें पत्रानें आधींच कळविलें होतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां त्यांनीं फळ्या लावल्या, कुलूप घातलें, आणि किल्ली कमरेस खोंवून म्हणाले, “चल, मेणवलीला.” त्यांच्या चिरंजीवांनीं आम्हांस मागाहून सांगितलें कीं, घरांत मयत झाल्यावांचून वडिलांनीं भर दुपारीं दुकान बंद केलेलें त्यांनीं प्रथमच पाहिलें.

वाईपासून मेणवली तासाभराचीही वाट नाहीं. नाना फडणविसांचा वाडा व कृष्णेचा घाट यांसाठीं तें गांव प्रसिद्ध आहे. हल्लीं चित्रपटवाल्यांचा राबता वाढल्यामुळें अधिकच. घाटावर एका छोट्या देवळांत जी मोठी घंटा टांगलेली आहे ती वसईची पोर्तुगीज घंटा. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली त्या वेळची. शाळेंत असतांना दर रविवारीं पायीं येऊन त्या घंटेस हात लावावयाचा असा आमचा नेम होता. आतां दोघांच्याहि गुडघ्यांची तक्रार असल्यामुळें जातांना रिक्षा केली व येतांना उतरत्या उन्हांत चालत आलों. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही काय बोललों तें कोणी विचारील तर सांगण्यासारखें फारसें नाहीं. अर्धा वेळ तर अमरकोश पाठ करतांना कोण कोठें डुलक्या घेई यांतच गेला. त्यांची पेढी चांगली चालते कीं नाहीं, मुलगा काय मिळवितो, हें विचारण्याचें सुचलेंच नाहीं, आणि त्यांनींहि आमच्या निवृत्तिवेतनाचा आंकडा विचारला नाहीं. पन्नास वर्षांनीं भेटणाऱ्या दोन माणसांना ज्या गोष्टी नातेवाईक पहिल्या पांच मिनिटांत विचारतात त्या दोन दिवसांत सुचूं नयेत, यांत आम्हांस मैत्रीचें लक्षण दिसतें.

वाईहून सातारा, पाटण, कोयनानगर असें करीत कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरलों. प्रवास सरकारी एस्. टी. चाच. आमचें वय ६५ च्या पुढें गेलेलें असल्यामुळें आम्हांस अर्धें भाडें, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांस अर्धें भाडें झाल्यामुळें सौभाग्यवतींसहि अर्धें. म्हणजे दोघे मिळून एकाच तिकिटांत गेलों म्हणावयास हरकत नाहीं. पंचाहत्तरीच्या पुढल्यांस तर ऑगस्ट २०२२ पासून सर्वच प्रवास मोफत झाला. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथींत बंद झाली, तेव्हां तिकडील पूर्ण तिकीट काढलें. हा तपशील एवढ्यासाठींच दिला कीं, ‘खर्च झेपत नाहीं’ ही सबब आमच्या वयाच्या मंडळींनीं आतां सांगूं नये.

चिपळूणचे स्नेही पोस्टांत होते. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीस जो महापूर आला त्यांत त्यांच्या घरांत पाणी शिरलें. त्या आठवड्यांत मोठ्या खटपटीनें फोन लागला तेव्हां ते म्हणाले होते, “थोडें पाणी आलें होतें, आतां ओसरलें.” आम्हीहि निश्चिंत झालों. परवां त्यांच्या घरीं गेल्यावर भिंतीवरची पुराची रेघ पाहिली. ती आमच्या डोक्याच्या वर हातभर होती. गांवच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांतहि त्या वेळीं पाणी शिरून ग्रंथांची हानि झाली. घरगुती पुस्तकांची काय कथा! त्यांचीं पुस्तकें तर गेलींच, पण आम्हां चौघांचीं १९७४ पासूनचीं सर्व पत्रें ज्या पत्र्याच्या पेटींत होतीं ती पेटीहि चिखलांत सांपडली. वाचकहो, त्या गृहस्थानें काय केलें असेल? माळ्यावर सुंभाच्या दोऱ्या बांधून एक एक पत्र वाळत घातलें. बॉलपेननें लिहिलेलीं बरीचशीं वांचलीं, कारण त्या शाईंत तेल असतें. दौतीच्या शाईचीं मात्र धुऊन निघालीं. निळसर झालेले चारदोन कोरे कागद त्यांनीं आमच्या हातीं दिले आणि म्हणाले, “हें तुझें अक्षर. काय लिहिलें होतेंस तें सांग.”

कागदाच्या कोपऱ्यांत पोस्टाचा शिक्का तेवढा अंधुक दिसत होता, त्यावरून साल लागलें. एक पत्र आमच्या पहिल्या नोकरीच्या गांवचें, दुसरें आमचे तीर्थरूप वारले त्या महिन्यांतलें. जेवढें आठवलें तेवढें आम्हीं सांगितलें, आणि त्यांनीं तें नव्या कागदावर उतरून घेऊन जुन्या कागदास टांचून ठेवलें. त्यांत सबंध एक सकाळ गेली. फोनवर माणसें सुखरूप असतात. भिंतीवरची रेघ तेथें जाऊनच पाहावी लागते. मागील वर्षीं आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, त्यास हे स्नेही व आम्ही दोघेहि हजर होतों. हारतुरे झाले, भाषणें झालीं, श्रीखंडपुरीचें जेवण झालें, सर्वांचें एक छायाचित्र निघालें. पेटीचा उल्लेख तेव्हां निघाला नाहीं, आणि दीडशें माणसांत तो निघावा तरी कसा? मेळाव्यांस आमचा विरोध नाहीं. पण मेळाव्यास गेलों म्हणजे भेट झाली असें कोणी मानूं नये.

येथें पाहुणचाराविषयीं थोडें लिहिणें भाग आहे, कारण आमच्या लेखाचा सारा भार शेवटीं कोणाच्या तरी सूनबाईंवर पडणार आहे. मनुस्मृतीनें एक रात्र राहणारा तो अतिथि अशी व्याख्या केली आहे. आम्ही म्हातारपणाच्या सोयीसाठीं ती दोन रात्रींपर्यंत ताणावयास तयार आहों, अधिक नाहीं. येण्याचा दिवस व जाण्याचा दिवस दोन्ही पत्रांतच लिहावे. पथ्य असेल तें आधीं कळवावें, ताटावर बसून नव्हे. भाजणी, मेतकूट, चटणी असें कांहीं बरोबर न्यावें. सकाळीं लौकर उठणाऱ्यानें यजमानाच्या घरांत भांडीं वाजवूं नयेत, हें आमच्या सौभाग्यवतींनीं मुद्दाम लिहावयास सांगितलें आहे. तें कोणास उद्देशून आहे याचा आम्हीं शोध केला नाहीं.

त्यांनीं आणखीहि एक गोष्ट केली, ती आमच्या बेतांत नव्हती. चिपळूणहून मिरजेस जातांना कऱ्हाडास उतरून रेल्वे धरावयाची होती. कऱ्हाड स्थानकावर गाडी उभी राहतां राहतां त्या म्हणाल्या, “माझी एक मैत्रीण या गांवांत आहे. दोन घरीं मीं पोळ्या लाटल्या, आतां अर्धा दिवस तुम्ही माझ्या मैत्रिणीकडे मुकाट्यानें बसा.” पत्ता मात्र नव्हता. लग्नानंतर मैत्रिणीचें आडनांव बदललें, सासरीं पहिलें नांवहि बदललें. यांना ठाऊक होतें तें माहेरचें. तीन आळ्यांतून विचारीत हिंडलों, शेवटीं एका वृद्ध बाईंनीं, “अमुक गांवची, रेडिओवर गाणारी ती का?” असें विचारून घर दाखविलें. दार उघडलें त्या बाईंनीं क्षणभर पाहिलें आणि आमच्या पत्नीस ज्या नांवानें हांक मारली तें आम्हीं त्यांच्या पत्रिकेवर एकदां वाचलें होतें. कानांनीं ऐकलें तें त्याच दिवशीं. पुढील चार तास आम्ही त्या घरच्या आजोबांशीं प्रीतिसंगमावरील बागेविषयीं बोलत बसलों. आंतून हंसण्याचा जो आवाज येत होता तो आमच्या घरांत आम्हीं ऐकलेला नाहीं. पुरुषांच्या मैत्र्या बदल्यांनीं तुटतात असें आपण म्हणतों. बायकांची मैत्री तर मांडवांतच तुटते, नांवासुद्धां. ज्या घरांत सूनबाई रजेंत माहेरीं जाते त्या घरानें तिला एकदां मैत्रिणीकडेहि जाऊं द्यावें, आणि त्या दिवसांचा स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न पुरुषमंडळींनीं आपसांत सोडवावा.

मिरजेविषयीं लिहितांना लेखणी थोडी अडखळते. हें गांव दोन गोष्टींसाठीं प्रसिद्ध आहे, वैद्यकी आणि तंबोरे. भोपळे घेऊन त्यांचे तंबोरे व सतारी घडविणारीं घराणीं तेथें पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि १९३७ सालीं दिवंगत झालेले अब्दुल करीम खांसाहेब तेथील दर्ग्याच्या आवारांत विसांवले आहेत. आमचे स्नेही या गांवीं संस्कृतच शिकवीत होते. आम्हां पांचांत त्यांचें पाठांतर सर्वांत पक्कें. गेलीं दोन वर्षें फोन केला कीं वहिनी सांगत, “बरे आहेत, आतांच झोंपले आहेत, भाऊजी.” आम्ही दारांत उभे राहिलों तेव्हां हे आरामखुर्चींत बसलेले होते, झोंपलेले मुळींच नव्हते. उठून उभे राहिले, नमस्कार केला, आणि अत्यंत आदरानें विचारते झाले, “आपण कोण?”

ज्यानें आयुष्यांत आम्हांस ‘अरे’ शिवाय हांक मारली नाहीं त्याच्या तोंडून तो ‘आपण’ ऐकला, आणि पुढें काय बोलावें हें कळेना. वहिनी पदर तोंडाशीं धरून स्वयंपाकघरांत गेल्या. आम्हीं नांव सांगितलें, वाई सांगितली, शाळा सांगितली. ते सभ्यपणानें मान डोलवीत राहिले. ज्या व्याधींत स्मृति जाते तींत अलीकडचें आधीं जातें व जुनें पुष्कळ काळ टिकतें, असें डॉक्टर सांगतात. बराच वेळ दोघेहि गप्प बसल्यावर आम्हीं, कांहीं सुचेना म्हणूनच, ‘राजन्’ शब्द चालवावयास आरंभ केला. राजा राजानौ राजानः. त्यांची बोटें खुर्चीच्या हातावर ताल धरूं लागलीं. राजानम् राजानौ, येथें आम्ही थांबलों. “राज्ञः,” ते म्हणाले. आणि मग तृतीया, चतुर्थी, पंचमी, एकहि विभक्ति न चुकतां थेट सप्तमीच्या ‘राजसु’ पर्यंत गेले. श्वास घेतला, आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, “आतां तूं म्हण.”

‘आपण म्हणा’ नव्हे, ‘तूं म्हण’. नांव त्यांस आठवलें नाहीं, तें शेवटपर्यंत आठवलें नाहीं. पण त्या दोन दिवसांत पुन्हां ‘आपण’ आला नाहीं. आम्ही आळीपाळीनें शब्द चालविले, धातु चालविले, संधि सोडविले. सायंकाळीं त्यांस धरून तंबोरे करणाऱ्यांच्या आळींत नेलें. एका दुकानांत तार जुळविण्याचें काम चाललें होतें, तेथें ते अर्धा तास डोळे मिटून उभे राहिले. आणि वहिनी? पहिल्याच दुपारीं आम्ही दोघे रूपें म्हणत असतांना त्या शेजारच्या खोलींत आडव्या झाल्या, त्या तीन तास उठल्याच नाहींत. मागाहून म्हणाल्या, “ओळखत नाहींत, मग जाऊन काय करायचें, म्हणून कोणी येत नाहीं, भाऊजी. आम्ही तरी ‘या’ म्हणून कसें सांगावें?” फोनवर ‘झोंपले आहेत’ म्हणण्याचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला. आतां दर दोन महिन्यांनीं आमच्यापैकीं एकानें मिरजेस जावें असें ठरविलें आहे. वाईचे स्नेही जुलैमध्यें जाऊन आले. दुकान दोन दिवस बंद होतें.

पुण्यांतल्या पुण्यांतहि माणसें किती दूर जातात, याचें उदाहरण आपल्या इतिहासांत आहे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजांत जोडलेले मित्र. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस त्यांनीं एकत्र काढले. पुढें मतभेद विकोपास गेले, एकाच गांवांत दोन वाटा झाल्या. १८९५ च्या जूनमध्यें आगरकर गेले, आणि केसरींतला मृत्युलेख टिळकांना लिहावा लागला. मोठ्यांच्या मतभेदांत आम्ही पडत नाहीं. पण आपल्यासारख्या सामान्यांस मतभेदहि नसतात. असतो तो केवळ ‘पुढच्या सुट्टींत पाहूं’ हा शब्द, आणि त्यावर वर्षें निघून जातात.

आमच्या पांचांतले नागपूरचे स्नेही राहिले आहेत. रात्रभराचा प्रवास, म्हणून त्यांच्याकडे दिवाळीच्या सुट्टींत जावयाचें ठरवून त्यांस पत्र घातलें. त्यांचें उत्तर परवां आलें. त्यांत लिहिलें आहे: “जरूर ये. तोंपर्यंत अंबिया बहाराचीं संत्रीं बाजारांत येऊं लागतील, तेव्हां रिकामी पिशवी आण. मिरजेचें सर्व सविस्तर सांग, फोनवर नको, समोर बसून. वहिनींना घेऊन ये. त्यांची कोणी मैत्रीण इकडे दिलेली असेल तर तिचें माहेरचें नांव आधीं कळव, मी शोध काढून ठेवतों.” सौभाग्यवतींनीं त्याच पत्राच्या पाठीवर दोन नांवें लिहून दिलीं आहेत.